बंदरावरचे तिघे

इ. स. १९२८ च्या मार्च महिन्याची १० तारीख. मुंबई बंदरात ‘कैसर-इ-हिंद’ नावाची आगबोट विलायतेस निघण्याच्या तयारीत उभी होती. तिच्यावर हिंदुस्थानचा हॉकीचा संघ चढला. हॉलंड देशातील ॲम्स्टरडॅम शहरी भरणाऱ्या ऑलिंपिक सामन्यांत भाग घेण्यासाठी तो चालला होता. हॉकीच्या खेळात हिंदुस्थानने ऑलिंपिकमध्ये उतरण्याची ही पहिलीच वेळ. एवढ्या मोठ्या शहरातून या संघास निरोप द्यावयास किती माणसे धक्क्यावर आली असतील? अवघी तीन! हॉकी महासंघाचे अध्यक्ष बर्न-मर्डॉक, उपाध्यक्ष न्यूहॅम आणि भट्टाचार्जी नावाचे एक वृत्तपत्रकार. ही हकीकत त्या संघातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ध्यानचंद यांनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेविली आहे.

काही महिन्यांनी तोच संघ सुवर्णपदक घेऊन परत आला, तेव्हा मात्र मुंबईत त्याच्या स्वागतास माणसांची रीघ लागली. शहरातील थोर थोर मंडळी सामोरी गेली, जयघोष झाला, जो तो या वीरांचे दर्शन घेण्यास धडपडू लागला. विद्यार्थिमित्रहो, आणि त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींनो, जातेवेळचे तिघे आणि येतेवेळची ती गर्दी, या दोहोंमधील अंतराचा विचार आज आपणांसमोर मांडावा असा प्रस्तुत लेखकाचा मानस आहे. कारण कोणताही संघ घडतो तो त्या तिघांच्या जिवावर घडतो, गर्दीच्या जिवावर नव्हे. आणि आपल्या महाराष्ट्रातून हॉकीची विद्या ओसरत चालली आहे ती गर्दी कमी झाली म्हणून नव्हे, तर ते तिघे नाहीसे झाले म्हणून, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम त्या संघाचीच कथा पाहू. बोटीवर चढण्यापूर्वी त्याने मुंबईच्या संघाशी एक सामना खेळला, आणि त्यात तो २ विरुद्ध ३ गोलांनी चक्क हरला! जगज्जेता ठरावयाचा जो संघ, त्याला मुंबईच्या खेळगड्यांनी घरीच धूळ चारली. तेव्हा लोक निरोपास आले नाहीत यात नवल ते काय? हरलेल्या संघाच्या गळ्यात कोण हार घालणार? बरे, पैशाचीही तीच ओढ. प्रवासखर्चास रक्कम अपुरी पडत असल्याने दोन खेळाडूंना मागे ठेवावे लागते की काय, अशी वेळ आली होती. अखेर बंगालच्या हॉकीप्रेमी मंडळींनी ती तूट भरून काढली आणि संघ पुरा झाला. पुढे ॲम्स्टरडॅम येथे या संघाने ऑस्ट्रियावर ६, बेल्जियमवर ९, डेन्मार्कवर ५, स्वित्झर्लंडवर ६ आणि अंतिम सामन्यात यजमान हॉलंडवर ३ असे एकूण २९ गोल केले. त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे होते. हिंदुस्थानवर मात्र एकही गोल झाला नाही. मुंबईत ज्यांच्यावर ३ गोल चढले, त्यांच्यावर साऱ्या युरोपला एक गोलही चढविता आला नाही. यावरून त्या काळी मुंबईची हॉकी कोणत्या दर्जाची होती याची कल्पना येईल.

या संघाचे नायक जयपालसिंग हे विलायतेतच होते व तेथूनच संघास येऊन मिळाले. छोटा नागपूर प्रांतातील एका खेड्यात, मुंडा या आदिवासी जमातीत, त्यांचा जन्म झाला. रांचीच्या मिशन शाळेत ते शिकले व तेथील पाद्रीसाहेबांनी त्यांची बुद्धी पाहून त्यांना पुढील शिक्षणासाठी विलायतेस नेले. ऑक्सफर्ड येथे त्यांनी विद्येबरोबर हॉकीतही नाव मिळविले आणि इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या उमेदवारीत त्यांची निवड झाली. त्या काळी या नोकरीहून मोठे भाग्य हिंदी तरुणाच्या स्वप्नातही येत नसे. ऑलिंपिकसाठी त्यांनी रजा मागितली, ती मिळेना. जयपालसिंग रजेवाचूनच ॲम्स्टरडॅमला गेले आणि पुढे त्या नोकरीवर त्यांनी पाणी सोडले. ही गोष्ट सांगण्यात प्रत्येकाने नोकरीवर पाणी सोडावे असा उपदेश करण्याचा हेतू नाही. जयपालसिंग पुढे शिक्षक झाले, घटना समितीचे सभासद झाले आणि आपल्या आदिवासी बांधवांचे पुढारी म्हणून मान्यता पावले. परंतु रांचीच्या शाळेत एका मुलाच्या अंगचा गुण ओळखणारे कोणी भेटले नसते, तर हिंदुस्थानच्या पहिल्या ऑलिंपिक संघाचा नायक रानात गुरे राखीत राहिला असता, एवढे आपण ध्यानी घ्यावे.

यानंतरचा इतिहास सर्वांच्या तोंडी आहे. १९२८, १९३२, १९३६, १९४८, १९५२ आणि १९५६ अशी सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके या संघाने मिळविली. १९३२ साली लॉस एंजलिस येथे अमेरिकेवर २४ विरुद्ध १, तर १९३६ च्या १५ ऑगस्ट रोजी बर्लिन येथे जर्मनीवर ८ विरुद्ध १ अशा गोलांनी मात केली. १९४८ च्या १२ ऑगस्ट रोजी, स्वातंत्र्यास वर्षही पुरे झाले नव्हते तोच, लंडन येथे ब्रिटनच्याच संघास ४ विरुद्ध ० असे नमवून तिरंगा उंच नेला. १९६० साली रोम येथे पाकिस्तानकडून एका गोलाने हार पत्करीपर्यंत हा संघ ऑलिंपिकमध्ये एकही सामना हरला नव्हता.

या खेळाडूंना आपण मोठ्या कौतुकाने ‘हौशी’ खेळाडू म्हणतो, आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यास ‘धंदेवाईक’ म्हणून नाक मुरडतो. परंतु या हौशी मंडळींची चूल कशावर पेटत होती? ध्यानचंद सोळाव्या वर्षी सैन्यात शिपाई म्हणून भरती झाले, आणि हॉकीची काठी त्यांच्या हाती दिली ती पलटणीने. त्यांचे बंधू रूपसिंग ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारच्या सैन्यात होते. १९४८ च्या संघाचे नायक किशनलाल रेल्वेच्या चाकरीत होते. कलकत्त्याच्या कस्टम्स खात्याचा संघ देशभर गाजला. सारांश, या हौशीमागे कोणीतरी दरमहा पगार मोजीत होता, सरावापुरती सुट्टी देत होता व मोडलेली काठी बदलून देत होता. तोही बंदरावरच्या तिघांपैकीच एक समजावयाचा.

मुंबईतही तेच. येथील आगाखान चषकाचे सामने १८९६ पासून सुरू झाले. गोव्याहून पोटासाठी आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हा खेळ आपलासा केला; लुसिटेनियन्ससारखे क्लब निघाले, टाटांच्या क्रीडासंघाने खेळाडू पोसले. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेसारख्या शाळांच्या पटांगणावर संध्याकाळी अनवाणी मुले चेंडूमागे धावत. त्यांतूनच ऑलिंपिकपर्यंत मजल मारणारे खेळाडू निपजले. १९४८ च्या विजयी संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ असे मुंबईचे अनेक गडी होते. १९८० साली मॉस्को येथे भारतास आठवे सुवर्णपदक मिळाले, त्या संघातही मुंबईचे मर्विन फर्नांडिस होते. शाळा, पंथाचा क्लब आणि नोकरी देणारी पेढी, हे तीन पाय ज्या तिवईस होते, तिच्यावर मुंबईची हॉकी उभी होती.

आता थोडा वेळ दूरदेशी जाऊ. ‘धंदेवाईक’ या शब्दाचा अर्थ नीट समजण्यास तेथील उदाहरण उपयोगी आहे. आमच्या नाशिकच्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो उसाच्या रसात किंवा गोळेवाल्याच्या गाडीवर. परंतु कॅनडा देशात नद्यातळी गोठतात आणि त्या काचेसारख्या बर्फावर पोलादी पात्यांचे बूट घालून, हाती काठी घेऊन, मुले रबराच्या चकतीमागे धावतात. ही बर्फावरील हॉकी. एकेका बाजूस सहा सहा गडी. चकतीचा वेग असा की नजर ठरत नाही. या देशातील माँट्रियल शहरात ४ डिसेंबर १९०९ रोजी ‘कॅनेडियन्स’ नावाचा एक संघ स्थापन झाला. तो प्रारंभापासून उघडउघड धंदेवाईक. खेळाडूंस पगार, प्रेक्षकांस तिकीट, मालकास नफा. लॉर्ड स्टॅन्ली नामक गव्हर्नर जनरलने १८९२ साली देऊ केलेला चषक हा त्या खेळातील सर्वोच्च मान होय; तो या एका संघाने २४ वेळा जिंकला आहे, इतका अन्य कोणीही जिंकलेला नाही. १९५६ पासून १९६० पर्यंत तर सलग पाच वर्षे त्याने तो हातचा जाऊ दिला नाही.

हा संघ मुद्दाम फ्रेंच भाषा बोलणाऱ्या लोकांसाठी काढला होता. त्या काळी माँट्रियलमध्ये मोठी पेढी आणि मोठा पगार बहुधा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती असे. फ्रेंच बोलणारा मनुष्य गिरणी-कारखान्यात राबे. त्यामुळे हा संघ जिंकला की मजुराच्या घरी सण असे. मॉरिस रिशार नावाचा त्यांचा खेळाडू एका कामगाराचाच मुलगा. त्याने १९४४-४५ च्या हंगामात ५० सामन्यांत ५० गोल केले. मार्च १९५५ मध्ये एका मारामारीवरून त्याला उरलेल्या हंगामासाठी बंदी झाली, तेव्हा १७ तारखेच्या रात्री शहरात दंगल उसळली, दुकाने फुटली. त्या दंगलीचे समर्थन कोणी सुज्ञ करणार नाही. तथापि एका खेळाडूवरील अन्याय हा आपल्यावरील अन्याय असे एका शहरास वाटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मे २००० मध्ये तो वारला तेव्हा त्याची अंत्ययात्रा शासकीय इतमामाने निघाली. आमचे ध्यानचंद ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीतील रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात निवर्तले. आज त्यांची जन्मतिथी, २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून आपण पाळतो. परतीच्या गर्दीची ही रीतच आहे. ती येते, पण फार उशिरा येते.

तथापि धंदेवाईक खेळ म्हणजे नुसते नंदनवन, असे मात्र कोणी समजू नये. त्याच संघातील डग हार्वी या नामांकित खेळाडूने १९५७ साली इतरांसह खेळाडूंची संघटना उभारण्याची खटपट केली. मालकांना ती रुचली नाही व ती मोडली. आणि १९६१ साली हार्वी दुसऱ्या संघास दिला गेला. पैसा देणारा हात गळाही धरू शकतो, हे विसरून चालणार नाही. परंतु खरी विचार करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. या विख्यात संघाने शेवटचा चषक जिंकला तो १९९३ साली. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पण तो मान त्याच्या वाट्यास आलेला नाही. म्हणून माँट्रियलच्या लोकांनी त्याकडे पाठ फिरविली काय? मुळीच नाही. तेथील प्रेक्षागृहात सुमारे २१ हजार माणसे मावतात, आणि भर हिवाळ्यात, रस्त्यावर गुडघाभर बर्फ साचलेला असता, ते भरते. बाप मुलाला नेतो. त्या मुलाने आपल्या जन्मात संघाला चषक जिंकताना पाहिलेले नसते, तरी तो जातो. म्हणजे तेथे बंदरावर तीन नव्हेत, एकवीस हजार माणसे निरोपास उभी आहेत. धंदेवाईक संघास शंभर वर्षे जगविले ते मालकाच्या तिजोरीने जितके, तितकेच या माणसांनी.

योगायोग पाहा. ज्या माँट्रियल शहरात हा संघ नांदतो, तेथेच १९७६ चे ऑलिंपिक सामने भरले, आणि तेथेच आपल्या हॉकीचे ग्रह फिरले. ऑलिंपिकमध्ये हॉकी कृत्रिम गवतावर खेळण्याची ती पहिली वेळ. आदल्याच वर्षी, १५ मार्च १९७५ रोजी, कुआलालंपूर येथे पाकिस्तानला २ विरुद्ध १ असे हरवून आपण विश्वचषक जिंकला होता. १९२८ पासून १९७२ पर्यंत एकाही ऑलिंपिकमधून आपला संघ रिकाम्या हाताने परतला नव्हता. माँट्रियल येथे तो सातवा आला. मातीवर आणि खऱ्या गवतावर चेंडू उसळतो, थबकतो, वळतो. तेथे मनगटाची कला चाले. गालिच्यासारख्या सपाट कृत्रिम गवतावर चेंडू सुसाट पळतो. तेथे दम आणि वेग लागतो. असले मैदान तयार करावयास कोट्यवधी रुपये, आणि राखावयास रोजचे पाणी. शाळेच्या मुरमाड पटांगणावर घडलेल्या मुलास त्यावर पाऊल टाकण्यासच कित्येक वर्षे मिळेनात. सर्व पराभवांचे खापर गवताच्या माथी फोडणे प्रामाणिकपणाचे नव्हे. परंतु खेळ महाग झाला आणि शाळेच्या हातून सुटला, हे खरे.

तरीही त्यानंतर महाराष्ट्राने एक रत्न दिलेच. पुण्याजवळच्या खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथील क्रीडांगणाची निगा राखणाऱ्या एका तमिळ गृहस्थाच्या घरी १६ जुलै १९६८ रोजी धनराज पिल्ले यांचा जन्म झाला. घरची गरिबी अशी की नवी काठी परवडेना. मोडक्या काठ्या बांधून भावंडे खेळत. परंतु घरच्या माणसांनी खेळू नको असे म्हटले नाही. वडील बंधू मुंबईत खेळत होते, त्यांच्यामागे धनराज तेथे आले. महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या संघात त्यांना नोकरी व खेळ दोन्ही मिळाले. पुढे ते चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळले. १९९८ साली बँकॉक येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक मिळविले. आणि मग? दौऱ्यावरील भत्त्यांविषयी खेळाडूंनी तोंड उघडले होते. विजयानंतर थोड्याच अवधीत धनराजांसह काही प्रमुख खेळाडू पुढील दौऱ्यातून वगळले गेले. पोटाला मागितले म्हणून खेळाडू धंदेवाईक ठरला, अशीच ही तऱ्हा! भाकरी मागणे हा दोष असेल, तर तो दोष शिक्षकाचा, वैद्याचा, कारकुनाचा, सर्वांचाच आहे.

२००८ साली तर अशी वेळ आली की, १९२८ नंतर प्रथमच, भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकसाठी पात्रसुद्धा ठरला नाही. २०१२ साली लंडन येथे तो बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला. अशा पडत्या काळात, २०१८ साली, ओडिशा राज्याच्या सरकारने या संघाचा भार उचलला. पुढे ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे जर्मनीस ५ विरुद्ध ४ असे हरवून ४१ वर्षांनी पदक आले, आणि ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे स्पेनला २ विरुद्ध १ असे नमवून पुन्हा कांस्यपदक मिळाले. ओडिशाने हे केवळ तिजोरीच्या जोरावर केले असे नाही. त्या प्रांताच्या सुंदरगड जिल्ह्यातील आदिवासी गावांत फार पूर्वीपासून हॉकीचे सामने होतात व जिंकणाऱ्या गावास बक्षीस म्हणून बोकड मिळतो. सारा गाव सामना पाहतो, आणि रात्री सारा गाव जेवतो. टोकियोचे अमित रोहिदास व बिरेंद्र लाक्रा हे दोन खेळाडू याच जिल्ह्यातले. तेथे सरकार नंतर आले. गाव आधीपासून धक्क्यावर उभा होता.

आणि आपण? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मुंबईचे देविंदर वाल्मीकी खेळले. त्यानंतर टोकियो व पॅरिस येथे पदक मिळविणाऱ्या संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. ज्या प्रांताच्या एका शहराच्या संघाने १९२८ च्या जगज्जेत्यांस हरविले, त्या प्रांताची ही स्थिती. विजयाच्या रात्री आपण फटाके मात्र पुष्कळ उडविले.

येथे पालक मंडळी एक प्रश्न करतील, आणि तो रास्तही आहे. ‘हॉकी खेळून पोट भरते काय?’ आम्ही प्रांजळपणे सांगतो की, शंभरांत नव्याण्णव मुलांचे भरत नाही. जो कोणी आपणांस याहून गोड उत्तर देईल, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण मग त्या नव्याण्णवांनी खेळूच नये काय? नव्याण्णव खेळतात म्हणून शंभरावा घडतो. गाण्याच्या शाळेत जाणारी सर्व मुले गवई होत नाहीत. तरी ती गेली नाहीत, तर गवयाचे गाणे ऐकावयास जाणकार कोठून यावयाचे? माँट्रियलचे ते एकवीस हजार प्रेक्षक म्हणजे दुसरे कोण? बहुतेक सारे लहानपणी गोठलेल्या डबक्यावर खेळलेले नव्याण्णवच.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. दहावीचे वर्ष आले की आपल्या घरोघरी पहिली कुऱ्हाड पडते ती खेळावर. मुलाची काठी माळ्यावर जाते ती पुन्हा खाली येत नाही. परीक्षेचे महत्त्व आम्ही जाणतो. ज्या शाळेचे हे वार्षिक आहे, तिने ते कधीही कमी लेखलेले नाही. परंतु दिवसाच्या चोवीस तासांतून एक तास पटांगणावर गेला म्हणून कोणाचे गुण बुडाले, असे आमच्या पाहण्यात नाही. तो तास हातातल्या पडद्यासमोर गेला म्हणून बुडालेले मात्र पुष्कळ पाहिले आहेत. जयपालसिंगांनी ऑक्सफर्डची पदवीही मिळविली आणि संघाचे नायकत्वही.

नाशिककरांस तर दूर जावयास नको. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खणत होते. सैन्यात गेल्यावर त्यांच्या हाती वल्हे आले आणि २०१६ साली ते रिओ ऑलिंपिकमध्ये नौका वल्हवीत होते. ज्या मुलखात पाण्यासाठी विहीर खणावी लागते, तेथला मुलगा जगाच्या पाण्यावर उतरला. दोघांच्याही अंगी गुण होताच; पण तो ओळखणारा गुरू कवितास नाशकात भेटला आणि दत्तूंना पलटणीत भेटला. हा जिल्हा गुणी मुलांस मुकलेला नाही. उणीव आहे ती ओळखणाऱ्या माणसांची.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. सरकारने कृत्रिम गवत द्यावे, कंपन्यांनी पुन्हा संघ काढावे, हे तर हवेच. परंतु ते आपल्या हाती नाही. आपल्या हाती जे आहे तेवढे सांगतो. पालकहो, वर्षातून एकदा बक्षीससमारंभास न येता, एखाद्या साध्या शनिवारी, आपला संघ बहुधा हरणार अशा सामन्यास येऊन बसा. मुलगा हरून घरी आला तर गुण विचारण्यापूर्वी पाणी विचारा. माजी विद्यार्थ्यांनो, देणगीच्या पाटीवर नाव कोरण्यापूर्वी दोन काठ्या आणि एक चेंडू शाळेत पोचवा. शहरातील जाणत्या मंडळींनो, जेथे जेथे मोकळे पटांगण उरले आहे, तेथे मांडव आणि मोटारी यांना जागा देण्याआधी मुलांना विचारा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गातील जो मुलगा किंवा जी मुलगी संघात निवडली गेली नाही, तरी रोज संध्याकाळी सरावास येते, तिची टर उडवू नका. तिच्यासमोर उभे राहून एक चेंडू अडवा.

त्या १० मार्चच्या दिवशी बोट सुटली तेव्हा धक्क्यावरच्या तिघांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. संघ नुकताच हरला होता, थैली रिकामी होती, वर्तमानपत्रांस त्याची मातब्बरी नव्हती. तरी ते आले, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत तेथे थांबले असतील, असे आम्हांस वाटते. येत्या हंगामात आपल्या शाळेचा संघ बाहेरगावी सामन्यास निघेल, तेव्हा पहाटेच्या वेळी मोटार फाटकातून बाहेर पडेल. त्या वेळी फाटकाशी कोण कोण उभे असेल, हे आम्ही मोजणार आहोत. निदान तिघे तरी असावेत.